स्वेलडेलच्या भिंतींची गोधडी: भिंती कापडाच्या करू की दोऱ्याच्या?

केतकीचं_बन

जूनच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही लीड्सहून यॉर्कशायरमधल्या स्वेलडेल खोऱ्यात जाऊन आलो. आम्ही दोघं, लेक आणि सध्या राजापूरहून आलेली माझी आई. म्यूकर गावात गाडी लावली आणि गावामागच्या गवताच्या कुरणांतून नदीपर्यंत चालत गेलो. पायवाट दगडी फरश्यांची, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. दोन्ही बाजूंना गवत आणि फुलं. एका कुरणातून दुसऱ्यात जायचं तर मधल्या भिंतीत अंग चोरून निघावं लागेल अशी फट, आणि तिला स्प्रिंगचं इवलंसं फाटक. साडी, वर जाकीट आणि खाली बूट अशा वेशात आईने प्रत्येक फाटकाशी झटापट केली.

समोरच्या चढावर नजर गेली तर भिंतीच भिंती. नदीकाठापासून थेट वरपर्यंत, आणि बऱ्याच कुरणांत एकेक दगडी गोठा. आई म्हणाली, "एवढे गडगे घातले कोणी, आणि त्यांना पैसे कोणी दिले?" नवऱ्याने उत्तर शोधायला फोन काढला, पण तिथे रेंज नव्हती.

तेव्हापासून डोक्यात गोधडी आहे. एकेरी पलंगाची, साधारण १५० बाय २०० सेंमी. आईने येताना तिच्या जुन्या सुती साड्या आणल्यात: दोन हिरव्या इरकली, एक पोपटी, एक करडी धनेखळी, आणि मोतीया रंगाची एक, जी कुठली हे तिलाही आठवत नाही. मी आजवर फक्त चौकोनांच्या बाळगोधड्या मशीनवर केल्यात. इथे तर एकही कुरण चौकोनी नाही. वाकडेतिकडे तुकडे जोडायचे कसे? आणि भिंती दाखवायला मध्ये करड्या पट्ट्या घालू, की तुकडे थेट जोडून वरून नुसता जाड दोरा घालू? माझा कल पट्ट्यांकडे आहे. मला कुरणांची नाही, भिंतींची गोधडी करायची आहे.

अर्धवट

फोटो नाहीत. फाऊल.

साधा_माणूस

"इंग्लंडची शेतं वरून गोधडीसारखी दिसतात" हे हीथ्रोला उतरणारा प्रत्येक माणूस म्हणतो. आता त्यावर गोधडीही येणार म्हणायची.

एक जुनी शंका विचारून घेतो. आमच्या आजीकडे गोधडी जुन्या लुगड्यांची व्हायची, कारण नवं पांघरूण परवडायचं नाही. हल्ली मात्र मीटरला पंधरा पौंड मोजून धडधाकट कापड आणायचं, ते कापायचं आणि परत जोडायचं. हा उद्योग मला कधी कळलेला नाही. राग नसावा.

सुईदोरा

@साधा_माणूस, राग नाही, पण तुम्ही धागा अर्धाच वाचलेला दिसतोय. ती जुन्या साड्याच कापणार आहे.

केतकी, कामाचं बोलू. आधी साड्या धुऊन उजेडासमोर धर. ज्या भागातून पलीकडची बोटं दिसतात तो भाग सोडून दे, तो वर्षभरात फाटेल. बसण्याचा भाग आणि खालचा काठ सगळ्यात झिजलेला असतो, पदर बहुधा धड निघतो. मोतीया साडीचा एक धागा ओढून जाळून बघ. राख झाली तर सुती, गोळी झाली तर त्यात पॉलिस्टर आहे. पॉलिस्टर असेल तर गरम इस्त्री लावू नकोस. पातळ सुती कापडाला मागून हलकं इस्त्रीचं अस्तर चिकटव आणि मगच काप, नाहीतर साडीचं कापड कात्रीखाली सरकत राहतं.

आता आकार. चौकोन जोडायची सवय आहे म्हणून तुला धडकी भरलीय. पण तुझा प्रश्नच तुझं उत्तर आहे. जुन्या चादरीचा एक मोठा तुकडा पाया म्हणून अंथर. त्यावर कुरणांचे तुकडे कडेला कड भिडवून मांड, शिवण न ठेवता. कच्चे टाके घालून जागेवर बसव. मग प्रत्येक सांध्यावरून करडी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी शिव. कापलेल्या कडा पट्टीखाली जातात आणि पट्टी हीच भिंत. उरेब असल्यामुळे वळणावर चुरगळत नाही. चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांसारख्या गोधड्या याच पद्धतीने करतात.

काकू_नंबर_१

इरकलीचा रंग जाईल हो! मिठाच्या आणि व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजत टाक. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच करतात.

सुईदोरा

काकू, तुमचा मान राखून सांगते, तयार कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही. कापड रंगवताना मीठ घालतात ते वेगळं. जाणारा रंग जाणारच. पांढरा ओला रुमाल साडीवर घासून बघायचा. रुमालाला रंग लागला तर साडी दोन-चार वेळा वेगळी धुवायची, आणि पुढे गोधडी धुताना मशीनमध्ये रंग शोषणारे कागद टाकायचे. तिथल्या सुपरमार्केटात मिळतात.

काकू_नंबर_१

मीठ टाकल्यावर माझी एकही साडी बिघडली नाही.

सुईदोरा

न टाकता माझीही नाही :)

डोंगरवेडा

म्यूकरला गेलात आणि बटरटब्ज खिंड केली नाहीत? हॉसहून थ्वेटला येताना लागते. चुनखडीत पाण्याने पोखरलेल्या खोल विहिरी आहेत, अगदी रस्त्याच्या कडेला. २०१४ साली टूर डी फ्रान्सचा पहिला टप्पा लीड्सहून निघाला तेव्हा सायकलवाले याच चढावरून गेले. मी तिथे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणि जीव मुठीत धरून चालवली.

आणि हॉसमध्ये वेन्स्लीडेल चीज खा. तिथे ते फळांच्या केकबरोबर खातात. माझ्या सासऱ्यांनी पुरणपोळीबरोबर खाऊन बघितलं आणि बरं लागतं म्हणाले. सासरे काहीही खातात.

केतकीचं_बन

खिंड केली. आईने डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे तिच्या हिशोबी केली नाही. चीज घरी आलंय, पण पुरणपोळीच्या वाटेला जाणार नाही.

नांगरट

शेतकीवाला आहे म्हणून कुरणांबद्दल लिहितो.

तुम्ही पाहिलंत ते चराऊ रान नाही, वाळल्या गवतासाठी राखलेलं कुरण आहे. वसंतात जनावरं बाहेर काढतात, गवत वाढू देतात आणि फुलांचं बी पडल्यावर, साधारण जुलैच्या मध्यानंतर, कापतात. शेणखत थोडंच, रासायनिक खत जवळजवळ नाही. म्हणून तिथे फुलं टिकली. इंग्लंड आणि वेल्समधली ९७ टक्के फुलांची कुरणं १९३० च्या दशकानंतर नाहीशी झाली असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यात हे उरलेलं.

पिवळ्या फुलांचं एक बुटकं रोप असतं, यलो रॅटल. त्याची मुळं शेजारच्या गवताच्या मुळांना चिकटून रस चोरतात. गवत त्यामुळे दबतं आणि बाकीच्या फुलांना जागा होते. बी पिकलं की त्याच्या बोंडांचा खुळखुळा वाजतो. जुने शेतकरी त्यावरून कापणीची वेळ ओळखत.

आणि ते गोठे. कापलेलं गवत त्याच कुरणातल्या गोठ्याच्या माळ्यावर जायचं, खाली हिवाळाभर गाई बांधलेल्या असायच्या आणि त्यांचं शेण वसंतात त्याच कुरणात पडायचं. गवत घरापर्यंत वाहायला नको आणि शेण परत न्यायला नको. गवळी मात्र रोज बर्फातून गोठ्यागोठ्याला हिंडायचा. गोधडीत गोठा दाखवणार असाल तर प्रत्येक कुरणात एक एवढाच दाखवा, दोन नकोत.

निळीशाई

@साधा_माणूस, तुमच्या शंकेचं उत्तर तीनशे वर्षं जुनं आहे आणि त्यात आपणही आहोत.

स्वेलडेलहून पश्चिमेला, केंडलजवळ लेव्हन्स हॉल नावाचा वाडा आहे. तिथे तुकडे जोडून केलेले पलंगाचे पडदे आणि पांघरूण आहे. परंपरेने त्याचं साल १७०८ धरतात. इंग्लंडमधल्या अशा कामाच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी एक. आणि त्यातलं कापड भारतातून आलेलं चीट, म्हणजे नक्षीचं सुती कापड, आहे. तेव्हा हे कापड तिथे इतकं खपत होतं की लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी ओरड केली. १७०१ पासून छापील सुती कापड देशात वापरासाठी आणायला बंदी आली, १७२१ च्या कायद्याने ते अंगावर घालायला आणि घरात वापरायलाही बंदी आली. ती १७७४ साली उठली. अशा काळात घरात असलेल्या चिटाचा कपटाही कोणी फेकत नसणार. म्हणजे महागाचं कापड बारीक तुकड्यांत जोडणं ही नवी चैन नव्हे.

त्याच सुमाराची, १७१८ साल काढलेली रेशमी तुकड्यांची एक चादर क्विल्टर्स गिल्ड या तिथल्या गोधडी करणाऱ्यांच्या संस्थेच्या संग्रहात आहे. तिचे तुकडे कागदाच्या साच्यांवर गुंडाळून कडेने शिवलेत. षटकोन हाताने जोडतात तीच रीत.

साधा_माणूस

बरं. शंका मागे. पंधरा पौंड मात्र अजून खुपतात.

डरहॅमकर

मी इथे उत्तरेत राहतो, बायको गोधड्या करते, आणि मी रविवारी तिच्यामागून संग्रहालयं हिंडतो. त्यामुळे थोडं ऐकीव, बरंचसं पाहिलेलं लिहितो.

या भागाची खरी परंपरा तुकड्यांची नाहीच, टाक्यांची आहे. डरहॅम, नॉर्थम्बरलंड आणि यॉर्कशायरच्या वरच्या खोऱ्यांत अख्ख्या एकरंगी कापडावर नुसत्या धावदोऱ्याने पिसं, गुलाब, वेण्या काढायचे. दुसरा प्रकार पट्ट्यांचा: दोन रंगांच्या रुंद उभ्या पट्ट्या आळीपाळीने जोडायच्या आणि प्रत्येक पट्टीत एकेक नक्षी शिवायची. खाणीत नवरा गेलेल्या बायका आठवड्याच्या हप्त्यांवर गिऱ्हाईकं जमवून अशा गोधड्या विकायच्या. ॲलनहेड्स गावात जॉर्ज गार्डिनर म्हणून दुकानदार होता. तो कापडावर निळ्या पेन्सिलीने नक्षी रेखून द्यायचा, शिवायचं काम गिऱ्हाइकाचं. त्याने इतरांनाही शिकवलं, त्यांतली एलिझाबेथ सँडरसन पुढे गुरूइतकीच नावाजली. जुन्या गोधड्यांवर ती निळी रेघ कधी कधी अजून दिसते.

केतकी, बार्नर्ड कॅसलचं बोज संग्रहालय स्वेलडेलहून लांब नाही. जायच्या आधी गोधड्या मांडलेल्या आहेत का ते विचारून घ्या. कापड उजेडात कायम ठेवत नाहीत, आम्ही एकदा फक्त फर्निचर बघून आलोय.

माझं मत: तुकडे, पट्ट्या काही नको. मोतीया साडी अख्खी अंथरा आणि भिंती दोऱ्याने काढा.

निळीशाई

दोऱ्यालाच माझंही मत. उन्हं कलल्यावर टाक्यांच्या कडेला सावली पडते, तेवढी भिंत पुरे. करड्या पट्ट्या म्हणजे जिल्ह्याचा नकाशा होईल.

काकू_नंबर_१

अगं पण मग इरकलीचं काय? दोन हिरव्या साड्या राजापूरहून लीड्सला आणल्यात त्या बिचारीने.

गडगेवाला

गडगा हा शब्द दिसला म्हणून आलो. आमच्याकडे रत्नागिरीत कलमांच्या बागेला जांभ्याचा गडगा असतो, चुना-सिमेंट काही नाही. त्या ओढीने मी इथे यॉर्कशायरला भिंत घालायच्या वर्गाला गेलो होतो. जे शिकलो ते सांगतो, गोधडीला उपयोग होईल.

ही एक भिंत नसते, दोन असतात. तळाशी रुंद, वर निमुळत्या होत जवळ येतात. मधल्या पोकळीत बारीक दगड भरतात, ते नीट बसवले नाहीत तर भिंत पोटातून फुगते. ठरावीक उंचीवर लांब दगड आडवे घालतात, ते दोन्ही बाजू एकमेकींना बांधून ठेवतात. डेल्समध्ये, म्हणजे यॉर्कशायरच्या या खोऱ्यांत, हे दगड बरेचदा बाहेर डोकावतात, त्यामुळे भिंतीवर आडवी ठिपक्यांची रांग दिसते. सगळ्यात वर उभे दगड दाबून बसवायचे. नियम एकच: एका दगडावर दोन, दोनांवर एक. सांधा सांध्यावर आला तर शिकवणारे बोलत नाहीत, फक्त दगड काढून बाजूला ठेवतात.

आईंना सांगा, पैसे कोणी दिले याचं उत्तर तिथेच दिसतं. खाली नदीकाठची कुरणं लहान आणि वेडीवाकडी, कारण त्या भिंती जुन्या, ज्याने जशी जमीन साफ केली तशा घातलेल्या. वर माळावर मात्र भिंती लांबच लांब आणि सरळ, चढ-उतार न बघता गेलेल्या. त्या बहुतेक १८ व्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या. संसदेने कायदे करून सामाईक चराऊ रानं वाटून दिली आणि मोजणीदारांनी कागदावर पट्टीने रेघा ओढल्या. ज्यांना वाटणी मिळाली त्यांनी खर्च केला. ज्यांची गाय तिथे फुकट चरायची त्यांची चरायची जागा गेली.

शेवटचं: भिंती करड्या नसतात. पाऊस पडला की काळ्या, उन्हात जवळजवळ पांढऱ्या, आणि वर दगडफुलाचे डाग.

सुईदोरा

@गडगेवाला, तुम्ही भांडण मिटवलंत!

केतकी, खालच्या अर्ध्यात वाकडी कुरणं आणि उरेब पट्टीच्या भिंती. वरच्या अर्ध्यात डरहॅमकरांच्या पट्ट्या: रुंद, सरळ, मातकट हिरव्या, थेट जोडलेल्या, आणि तिथल्या भिंती फक्त दोऱ्याच्या. जुनं आणि नवं दोन्ही येतं. आडवे डोकावणारे दगड दाखवायला पट्टीवर जाड दोऱ्याचे सुटे टाके घाल. पर्ल कॉटन आठ नंबर घे, मोतीया रंगाचा.

आणि पट्ट्या सगळ्या एका मापाच्या कापू नकोस.

केतकीचं_बन

हे सुचलंच नसतं! वरची आणि खालची कुरणं वेगळी आहेत हे डोळ्यांनी पाहिलं होतं, पण लक्षात आलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं. "म्हणजे खोतांनीच घेतली म्हणायची," एवढंच बोलली आणि धनेखळी उसवायला बसली. (तिला फॉल लावलेला आहे.)

आता नवीन अडचणी. एक म्हणजे लेक. तिला प्रत्येक कुरणात मेंढी हवी आहे, काळ्या तोंडाची, पांढऱ्या नाकाची आणि शिंगं वळलेली. शिवाय भिंतीच्या बुडाशी मेंढ्यांना पलीकडे जायला सोडलेली चौकोनी भोकं तिने पाहिलीत, तीही हवीत. मी निम्म्यावर तोडा म्हणतेय.

दुसरी म्हणजे आई. मी वॉडिंग (दोन कापडांमध्ये भरायचा फुगीर थर) घालून मधून बाहेर शिवत जाणार होते, कारण इथे तसंच शिकवतात. आई म्हणते गोधडी कडेने शिवायला घ्यायची आणि फेरे घालत मध्यात संपवायची. मधून सुरू केली तर कोपरे जागेवर राहतील याची खात्री काय? दोघी हट्टाला पेटलोय.

काकू_नंबर_१

आईचं बरोबर आहे.

डरहॅमकर

आमच्या घरच्या मते तुमचं बरोबर आहे. वॉडिंग फुगीर असतं. कडा आधी बंद केल्या तर सगळा फुगवटा मध्ये येऊन अडकतो, आणि तिथे चुण्या पडतात.

सुईदोरा

दोघींचंही बरोबर आहे, गोधड्या वेगळ्या आहेत. आईच्या गोधडीत कापूस नाही, साड्यांचे थर एकावर एक. कडा आधी आत दुमडून पक्क्या केल्या की थर सरकत नाहीत, आणि आत येताना थोड्या सुरकुत्या पडल्या तर तीच तिची शोभा. कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या कवंद्याही कडेनेच आत येतात. वॉडिंग आलं की डरहॅमकरांच्या घरचा नियम.

तेव्हा आधी ठरव की वॉडिंग घालायचं का. लीड्सच्या थंडीला हवं असेल तर लोकरीचं पातळसं वॉडिंग घे, हाताची सुई त्यातून सहज जाते. स्वेलडेल मेंढीची लोकर मात्र शोधत बसू नकोस, ती भरड असते, गालिच्यांना जाते.

साधा_माणूस

लीड्सला घरात हीटर नसतो का?

केतकीचं_बन

असतो, पण बिल बघून लावतो. गोधडीचा खर्च तिथून वसूल करीन.

ठरलं. वॉडिंग नाही, तीन थर साड्यांचे, आईच्या पद्धतीने कडेने. भिंती सुईदोरा आणि गडगेवाला सांगतायत तशा, खाली उरेब, वर दोरा. आईच्या फेऱ्या भिंती आडव्या ओलांडून जातील याचं मला आधी वाईट वाटत होतं. तिने खडूने चार फेऱ्या आखून दाखवल्या, तेव्हा ते चढाच्या उतरंडीसारखं दिसायला लागलं. अस्तराला पोपटी साडी. पन्हा १५० ला पुरत नाही, म्हणून मध्ये जोड येईल, तो काठाला काठ लावून उघडा ठेवणार आहे. आईला सप्टेंबरात परत जायचंय, म्हणजे कडेच्या फेऱ्या तिच्या आणि मधल्या माझ्या.

सुईदोरा

जोड मधोमध आणू नकोस, घडी तिथेच पडते आणि तिथेच विरतं. एका बाजूला सरकव.

आणि मेंढ्या आत्ताच शिवून घे, थर लावायच्या आधी. नंतर शिवल्यास तर प्रत्येक मेंढीचे टाके अस्तरावर दिसतील. लेकीला म्हणावं, थर लागले की कळप बंद.